नदीकाठचे दोन मुक्काम



डिचोली तालुक्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात माझ्या हाती आले. पत्र लहान आहे. परंतु ते वाचून मी बराच वेळ विचारात पडलो. ती लिहिते : "फादर, माझे यजमान जहाजावर नोकरीस असतात. नऊ महिन्यांनी ते ऑक्टोबरअखेर घरी येत आहेत आणि डिसेंबरात पुन्हा जाणार. थोरला मुलगा इंग्लंडला कामास निघाला आहे. त्यानंतर सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन्ही मुले एका छताखाली पुन्हा केव्हा जमू, हे देवालाच ठाऊक. घरी असले की पाहुणे येतात, टेलिफोन वाजतो, दूरदर्शन चालू असते. सहा आठवडे कसे सरतात ते कळतही नाही. आपल्या गोव्यात नदीकाठी, रानात अशी एखादी शांत जागा आहे का, की जेथे आम्हा पाचजणांना दोन रात्री राहता येईल? आणि राहावयाचे तर तयारी काय करावी?"

असा प्रश्न पुष्कळ घरांत मनातल्या मनात विचारला जात असेल. पेडण्यातले काय, डिचोलीतले काय, ज्या घरचा एखादा माणूस तारवावर किंवा परदेशी नाही, असे घर शोधावे लागते. म्हणून या भगिनीला द्यावयाचे उत्तर मी सर्वांसाठीच येथे लिहीत आहे.

प्रथम जागेविषयी. आपला गोवा लहान असला तरी रानाच्या बाबतीत दरिद्री नाही. सह्याद्रीच्या उतारावर उत्तरेस म्हादई, मध्ये मोले, आणि दक्षिणेस नेत्रावळी व खोतीगाव अशी संरक्षित अरण्यांची सलग रांगच आहे. डिचोलीकरांना सर्वांत जवळचे म्हणजे सत्तरीतील म्हादई अभयारण्य. ते १९९९ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. परंतु आजीसह सर्व कुटुंब घेऊन मुक्काम करावयाचा तर मोले मला अधिक सोयीचे वाटते. तेथे १९६९ साली अभयारण्य झाले, आणि त्यातील सुमारे १०७ चौरस किलोमीटरच्या भागाला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सर्व मिळून हे रान सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. गोव्यातील राष्ट्रीय उद्यान ते हे एकच. खोतीगावही सुंदर आहे. पण ते काणकोणात, म्हणजे पेडणेकरांना राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणे आले. बोंडला जवळ आहे खरे. परंतु तेथील प्राणिसंग्रहालय पाहावयास शाळांच्या सहली येतात, आणि तुमच्या पत्रात 'शांत' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली मी पाहिली आहे.

मोल्याची वाट अवघड नाही. डिचोलीहून साखळी, होंडा करीत उसगाव-तिस्क गाठावे आणि फोंडा-बेळगाव महामार्गाने धारबांदोड्यावरून पुढे जावे. दीड-दोन तास पुरतात. पेडण्याहून म्हापसामार्गे येणाऱ्यांनी आणखी तासभर धरावा. रानाच्या पोटातून वाहते ती दूधसागर नदी. घाटावरून सुमारे ३१० मीटर खाली कोसळणारा तो प्रसिद्ध धबधबा हिचाच. खाली आल्यावर हीच पुढे खांडेपारची नदी होते आणि शेवटी मांडवीला मिळते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. परदेशात राष्ट्रीय उद्यानांतून नदीकाठी तंबूंसाठी आखून दिलेल्या जागा असतात. ज्याने त्याने आपला तंबू न्यावा व ठोकावा. जहाजावरच्या माणसाने हे पाहिलेले असते आणि तसेच येथेही करावे असे त्याला वाटते. आपल्याकडे तसे चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा रानात परवानगीवाचून प्रवेश करणे, विस्तव लावणे, शस्त्र बाळगणे या सर्व गोष्टींना मनाई आहे. म्हणून राहण्याची सोय वनखात्याच्या किंवा अधिकृत निवासस्थानी आधी पक्की करावी. खोली आहे काय, नदीकडे कोणत्या वाटेने व कोणत्या वेळेत जाऊ देतात, सोबत वाटाड्या मिळतो काय, स्वयंपाक करू देतात की जेवण मिळते, हे चार प्रश्न निघण्यापूर्वी विचारून त्यांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. आजींना जमिनीवरून उठता-बसता त्रास होत असेल तर खाटेचे आणि न्हाणीघराचेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला? घरून निघताना विचारलेला प्रश्न रानात रात्री पडलेल्या प्रश्नापेक्षा नेहमीच स्वस्त असतो.

आता केव्हा जावे? पावसाळ्यात मुळीच नाही. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांकडे जाण्यास सरकारला बंदी घालावी लागली. त्याच महिन्यात दूधसागरास रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वेच्या पोलिसांनी अडवून परत पाठविले. नाताळाची सुटीही टाळावी, कारण तेव्हा सारे जगच गोव्यात लोटते. माझ्या मते दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्ध, म्हणजे नोव्हेंबर, हा काळ उत्तम. धाकट्या मुलीची शाळा बुडत नाही, पाऊस सरलेला असतो, आणि नदीला पाणी असूनही तिचा रोष उतरलेला असतो. दिवस शक्यतो सोमवार ते बुधवार घ्यावेत. रविवारची मिस्सा आपल्या चर्चमध्ये होते, आणि शनिवार-रविवारची गर्दीही रानातून परत गेलेली असते. अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर अधिक चांगले. ज्या आकाशाखाली आपले लोक तारवावर रात्री काढतात, ते आकाश मुलांना एकदा तरी पूर्ण दिसेल.

नोव्हेंबर सुचविण्यास आणखी एक कारण आहे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रोगी आढळू लागले. हा ताप रानातल्या गोचिडीच्या चाव्याने येतो आणि त्याचा जोर मुख्यत्वे डिसेंबर ते मे या महिन्यांत असतो. तो कोठेही हलका समजू नये. रानात अंगभर कपडे व बंद बूट घालावेत, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारे मलम किंवा तेल लावावे, पालापाचोळ्यावर लोळू नये, आणि खोलीवर परतल्यावर प्रत्येकाचे अंग व कपडे नीट तपासावेत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनरक्षकाला कळवावे. घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत कोणाला ताप आला, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

सामानाची यादी मी मुद्दाम आखूड देतो. प्रत्येकी दोन जोड कपडे, आजींना शाल, सर्वांना बूट, तीन विजेऱ्या व त्यांचे जादा सेल, नेहमीची औषधे, पिण्याचे पाणी, दोरी, आणि कचरा परत आणण्यासाठी एक मोठी पिशवी. शिदोरी घरची असावी : चपात्या, उकडलेली अंडी, केळी, सकाळच्या पेजेसाठी तांदूळ व लोणच्याची बरणी. पाकिटातला खाऊ नेऊ नये. माकडांना काही घालू नये. आज दिलेल्या बिस्किटाची उद्या ती झडप घालून वसुली करतात, आणि ती एखाद्या दुसऱ्याच्या मुलाकडून. साप चावण्याची भीती पुष्कळांना असते. रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये, म्हणजे बरेचसे भय जाते. तरीही प्रसंग आलाच, तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता माणसाला स्वस्थ निजवावे, चालवू नये आणि तडक इस्पितळात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे, आणि मोठे सरकारी इस्पितळ फोंड्याला आहे. रानात टेलिफोन सर्वत्र लागेलच असे नाही. म्हणून आपण कोठे आहोत व केव्हा परतणार, हे शेजारी सांगूनच निघावे.

येथवर लिहिलेले कोणीही जाणता माणूस सांगेल. यापुढचे मात्र मी माझ्या चुकीतून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी, मी एका दुसऱ्या धर्मग्रामात असताना, वेदीसेवक मुलांना घेऊन एका दिवसाच्या सहलीस गेलो होतो. सत्तरीतील एका नदीचा काठ होता, ऑक्टोबरचा महिना होता. मी मोठ्या उत्साहाने पाव-पाव तासाचा कार्यक्रम आखला होता : खेळ, गाणी, नकला, बक्षिसे. मुलांनी ध्वनिवर्धक आणला होता आणि त्याला माझीच परवानगी होती. आमच्या डोक्यावर ऊन होते. दुपारी मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती आणि वर गाणे चालू होते. इतक्यात पलीकडच्या काठावर म्हशी घेऊन बसलेला एक म्हातारा उठला आणि हातवारे करू लागला. तो काय म्हणतो ते आमच्यापैकी कोणालाच ऐकू येईना. शेवटी तो काठी टेकीत स्वतः पाण्यात उतरला, सर्वांत लहान मुलाला दंडाला धरून त्याने खडकावर चढविले आणि बाकीच्यांवर ओरडत त्यांना बाहेर हाकलले. मला त्याचा रागच आला होता. पाच-सात मिनिटांत नदीचे पाणी गढूळ झाले, काटक्या व पाला वाहत येऊ लागला, आणि ज्या दगडावर मुले उभी होती तो दगड दिसेनासा झाला. घाटात वर पाऊस पडला होता.

मी त्याचे आभार मानले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "पाद्रीबाब, नदीचा आवाज केव्हाचा बदलला होता. तुम्ही तो ऐकत नव्हता."

परतताना गाडीत मी कोणाशी बोललो नाही. त्या मुलाच्या आईने त्याला माझ्या हवाली केले होते. तो सुखरूप घरी पोहोचला, पण त्यात माझे काहीच नव्हते. नदीकाठी शांत राहणे ही हौशी किंवा सुशिक्षित माणसांची चैन आहे असे मी तोवर समजत असे. त्या दिवशी कळले की रानात ती सुरक्षिततेची पहिली अट आहे. म्हातारा हुशार होता म्हणून त्याने ऐकले असे नव्हे. तो गप्प बसला होता म्हणून त्याला ऐकू आले. पाणी गढूळ होणे, पाला वाहून येणे, आवाज वाढणे, यांपैकी एक खूण दिसली तरी लहानथोर सर्वांनी तत्काळ काठ सोडून उंचावर जावे. पोहता येते या भरवशावर कोणीही अनोळखी डोहात उतरू नये, आणि मद्य घेतलेल्या माणसाने तर पाण्याच्या जवळही जाऊ नये. ही गोष्ट यजमानांना पत्नीने सांगावी, मुलग्याला बापाने सांगावी, आणि ती घरीच सांगावी.

म्हणून माझ्या भगिनीला माझे सांगणे असे की, तुम्ही शांत जागा विचारता. जागा मी सांगितली, परंतु शांतता ती जागा आपण होऊन देणार नाही. ती तुम्हांला घरूनच ठरवून न्यावी लागेल. ध्वनिवर्धक घरी ठेवावा. टेलिफोन पिशवीत घालून एकाच्या ताब्यात द्यावेत आणि दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, उघडावेत. पाहण्याच्या ठिकाणांची यादी करू नये. दूधसागरला कुळ्याहून जीपगाड्या जातात. जावयाचेच तर एका सकाळी जाऊन यावे, आणि नाही गेलात तरी काही बिघडत नाही. तांबडी सुर्लाचे जुने महादेवाचे देऊळ तेथून जवळ आहे. कदंबांच्या काळातले, काळ्या पाषाणातले ते देऊळ नदीच्या कडेला उभे आहे. ते मुलांनी अवश्य पाहावे. बाकीचा वेळ मोकळा सोडावा. पहाटे सर्वांनी उठून नदीकाठी अर्धा तास न बोलता बसावे. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेताना पाने हलतात, गवा पाण्यावर येतो तेव्हा आधी सुकी काटकी मोडते. हे बोलणाऱ्याला कधी कळत नाही. आजींना वाटेवरचे ऐन, किंदळ, नाणा ओळखावयास सांगावे. घरात जिला कोणी काही विचारीत नाही, ती रानात सर्वांची गुरू होईल.

दोन गोष्टींची मात्र शपथ घ्यावी. पहिली विस्तवाची. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात ठिकठिकाणी वणवे लागले आणि ते कित्येक दिवस विझेनात. नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतावयास आणावी लागली. शेकोटी कितीही मोहक वाटली तरी ती रानात पेटवू नये, आणि विडीचे थोटूकही टाकू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. मी वर सांगितले की ही नदी पुढे खांडेपारची होते. त्याच खांडेपारवर ओपा येथे पाणी शुद्ध करून ते फोंड्याला व पणजीच्या बाजूला नळांनी दिले जाते. मोल्याला नदीत साबण लावून आपण कपडे धुतले, उष्टे खरकटे टाकले, तर ते कोणाच्या घागरीच्या वाटेवर पडते, हे मुलांना समजावून सांगावे. भांडी, कपडे, अंघोळ सर्व निवासस्थानी. नदीत फक्त पाय.

एवढी बंधने ऐकून कोणी म्हणेल, ही सहल की उपवास? परंतु भगिनी, तुमच्याच पत्रातले एक वाक्य मी येथे मुद्दाम दिले नव्हते. तुम्ही लिहिले आहे की यजमान घरी आल्यावर पहिले काही दिवस मुलगा त्यांच्याशी फारसा बोलत नाही. काय बोलावे हे दोघांनाही सुचत नाही. मी अशी पुष्कळ घरे पाहिली आहेत. बाप पैसे पाठवितो, मुलगा शिकतो, दोघेही आपले कर्तव्य करतात आणि दोघेही एकमेकांना पाहुणे होतात. आता मुलगाही निघाला आहे. उद्या तोही असाच महिन्याकाठी पैसे पाठवील. ही कोंडी मेजवानीने फुटत नाही, कारण मेजवानीत इतर माणसे असतात. ती फुटते ती संध्याकाळी दगडावर शेजारी शेजारी बसून, काही वेळ काहीच न बोलल्यावर. मग कोणीतरी एक नदीविषयी बोलतो, दुसरा समुद्राविषयी, आणि तेवढ्याने वाट मोकळी होते. तुम्ही त्या वेळी आजींना घेऊन खोलीवर थांबा. चहाला हाक मारू नका.

रात्री घरच्याप्रमाणेच सर्वांनी मिळून तेर्स करावे, फक्त हळू आवाजात. दिवे लवकर मालवावेत. सकाळी निघण्यापूर्वी खोली झाडून ठेवावी, कचऱ्याची पिशवी गाडीत घालावी, आणि वाटाड्याला त्याचा मोबदला ठरल्यापेक्षा थोडा अधिक द्यावा. त्याच्या घरीही मुले आहेत.

आणि परतल्यावर मला चार ओळी लिहाव्यात. रानात काय पाहिले ते नाही लिहिले तरी चालेल. बापलेक काय बोलले तेही मला कळण्याची गरज नाही. बोलले, एवढेच कळवावे.

तुमचा,
धर्मगुरू